पाच महिन्यांच्या पिल्लाला कच्च्या मांसावर कसं आणावं?

तुमचं कुत्र्याचं पिल्लू पाच महिन्यांचं, मोठ्या अंगाचं, आजवर पाकिटातल्या कोरड्या खाण्यावर वाढलेलं. आता त्याला पूर्ण कच्च्या मांसावर न्यायचंय, तर किती दिवसांत न्यावं, रोज किती द्यावं आणि हाडं चालतील का, असं तुम्ही विचारलंय. आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. वाढ पुरी होईपर्यंत थांबा. थांबायचं नसेलच तर घरी अंदाजपंचे मांस कापून घालू नका. वाढत्या पिल्लांसाठी ‘संपूर्ण आहार’ असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं तयार कच्चं खाणं घ्या, किंवा आहारशास्त्र शिकलेल्या पशुवैद्याकडून तुमच्या पिल्लापुरती पाककृती ग्रॅममध्ये लिहून घ्या.

हे मी तोंड पोळून सांगतेय. आमची चिंगी साडेचार महिन्यांची असताना मी तिला कच्च्यावर आणलं. दहा दिवसांत, अगदी शिस्तीत, रोज कोरडं थोडं कमी आणि मांस थोडं जास्त. जुलाब नाहीत, उलटी नाही. शी इवलीशी, वास जवळजवळ नाहीच. अंगावर तकाकी आली. आधी वाटी वाजली की आळोखेपिळोखे देत उठणारी चिंगी आता धावत येऊन माझ्या पायांत घुटमळायची. मी खूश. हाड घशात अडकेल या धास्तीने हाड मात्र देत नव्हते. बिनहाडाचं मांस, थोडं हृदय, आठवड्यातून दोनदा कलेजी. सगळं काट्यावर मोजून, आणि त्या मोजण्याचाच मला कोण अभिमान!

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिने पायरीवरून उडी मारणं सोडलं. थबकायची, मान वळवून माझ्याकडे बघायची आणि मग एकेक पाय टेकवत खाली यायची. मला वाटलं, पोरीला समज आली. मग एके दिवशी उचलून घेताना ती कळवळली. पुढचे पंजे बघितले तर बोटं फाकलेली, पाऊल चपटं पडलेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड पांढरंशुभ्र उठून दिसायला हवं. तिची हाडं आजूबाजूच्या मांसापेक्षा जेमतेम उजळ होती, कडा म्हणजे पेन्सिलीची पुसट रेघ. “काय खाते?” त्यांनी विचारलं. मी फुशारकीने सगळी यादी सांगितली. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “बरं. आणि यात कॅल्शियम कुठून येतंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का, ते बघा.

झालं होतं ते असं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. एक किलो बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस साधारण २ ग्रॅम, तर कॅल्शियम ०.१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे विसाला एक. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं हवं आणि फार तर दुप्पट. खाण्यातून कॅल्शियम मिळेना की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात. हृदय आणि स्नायू चालायला रक्तातलं कॅल्शियम पडून चालत नाही, म्हणून त्या ते हाडांतून काढून रक्तात ओततात. रक्ताचा रिपोर्ट त्यामुळे बऱ्याचदा नॉर्मल येतो. चिंगीचाही आला होता. आतून मात्र हाडं पोखरत जातात आणि एखाद्या साध्या उडीत मोडतात. मोठं कुत्रं हे बरेच महिने अंगावर काढू शकतं. पिल्लाचं तसं नसतं, कारण त्याला त्याच दिवसांत नवं हाड बांधायचं असतं. चिंगीचं मोडलं नाही, हे नशीब. संतुलित पिल्लू-आहार, उड्या बंद आणि कित्येक आठवडे छोट्या कुंपणात बसून राहणं, एवढ्यावर निभावलं.

आता हे वाचून उद्या कॅल्शियमची पावडर आणू नका. उलट्या बाजूलाही खड्डाच आहे. सुमारे सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. वाटीत असेल त्यातलं बरंचसं आत जातंच. मोठ्या जातींच्या पिल्लांत त्यामुळे सांध्यांची कूर्चा बिघडते, पाय वाकडे वाढतात. पाकिटातल्या खाण्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं, त्यावर “हाडं मजबूत व्हावीत म्हणून” चमचाभर पावडर टाकणं हा माझ्या मते कच्च्या मांसाइतकाच मोठा घोळ, फक्त त्याला कोणी नावं ठेवत नाही.

बरं, अंड्याच्या कवचाची पूड घालून हिशेब जुळवता येतो का? कॅल्शियमपुरता येतो. कवचात वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे किलोभर मांसाला सहा-सात ग्रॅम पूड पुरते. पण मग आयोडीन? जस्त? मँगनीज? ई जीवनसत्त्व? ड जीवनसत्त्व तर कुत्र्यांना उन्हात बसून पुरेसं तयारच करता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. नेटवर सगळीकडे दिसणारं ‘ऐंशी-दहा-दहा’ (ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के कलेजीसारखे अवयव) हे सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे, म्हणून पसरलं. त्यात यातल्या बऱ्याच गोष्टी कमी पडतात. आणि कलेजी चांगली म्हणून वाढवत नेली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून विषारी ठरतं.

“कुत्रा म्हणजे लांडगाच की!” हे तुम्हीही लिहिलंय. लांडगा बिनहाडाचे तुकडे खात नाही हो. तो हाडं, आतडी, रक्त, कातडं सगळं खातो. शिवाय २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत ४ ते ३०. माणसाच्या उष्ट्यावर जगता जगता त्याचं पोट बदललंय. कच्च्या खाण्याची आताची लाट ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ मधल्या लिखाणापासून जोरात आली. ते स्वतः मांसल हाडांवर भर देतात, हे माझ्यासारखे अर्धवट वाचणारे सोयीस्कर विसरतात.

तरीही न्यायचंच असेल, तर असं करा.

तयार खाणं घेताना ‘पूरक’ आणि ‘संपूर्ण’ यातला फरक बघा. पूरक म्हणजे नुसतं तोंडी लावणं. ‘वाढीच्या वयासाठी’ किंवा ‘सर्व वयांसाठी’ संपूर्ण असं लिहिलेलं हवं, आणि मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर मोठ्या जातींच्या वाढीचा वेगळा उल्लेखही हवा. अमेरिकेत ॲफको आणि युरोपात फेडियाफ या संस्थांच्या निकषांवर हे ठरतं. लेबलवर हे नसेल तर वाढत्या पिल्लासाठी ते सोडून द्या, जाहिरातीत कितीही लांडगे असोत.

सुरुवात कधी करायची? लसींचा कोर्स पुरा झाल्यावर, जंताचं औषध आणि नवं खाणं एकाच आठवड्यात येणार नाही असं बघून. नाहीतर पोट बिघडलं तर दोष कोणाचा तेच कळत नाही. पहिले दोन-तीन दिवस चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं करत दहा दिवस घ्या. पोट नाजूक असेल तर पंधरा. एकाच प्राण्याच्या मांसापासून सुरू करा. कोरडं आणि कच्चं एका वाटीत घालू नये, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने पचतात, असं तुम्हाला ठामपणे सांगणारे भेटतील. त्याला आधार नाही. त्याहून वाईट सल्ला म्हणजे बदलाच्या आधी पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवणं. लहान पिल्लाची साखर उपासाने झपाट्याने पडू शकते. नको.

किती द्यायचं, यात बहुतेकांची गफलत होते. कोरड्या खाण्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास, कच्च्यात ७० टक्क्यांपर्यंत. शंभर ग्रॅम कोरड्यातून साधारण ३५० ते ४०० कॅलरी येतात, कच्च्यातून चरबीप्रमाणे १५० ते २००. म्हणजे वाटी तीच ठेवली तर पिल्लू अर्धपोटी राहील. पाकिटावरच्या कॅलरी बघून हिशेब करा आणि दर आठवड्याला एकाच दिवशी वजन करा. आधी स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग पिल्लाला कडेवर घेऊन, वजाबाकी करायची. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना सहज लागाव्यात. गुबगुबीत पिल्लू गोड दिसतं, पण मोठ्या जातीत वजनाचा भार कोवळ्या सांध्यांवर पडतो.

शीकडे रोज लक्ष द्या, लाजू नका. पांढरी, खडूसारखी भुगा होणारी आणि काढताना कुथावं लागणारी असेल तर हाड जास्त होतंय. काळपट आणि सैल असेल तर बहुधा कलेजी जास्त. थोडा चिकटपणा एखादा दिवस दिसला तर वेग कमी करा. मात्र पाण्यासारखे जुलाब, रक्त, उलट्या किंवा मलूलपणा दिसला तर “शरीर विषारी द्रव्यं बाहेर टाकतंय” असल्या गप्पांवर विसंबू नका. असलं काही नसतं. या वयात पार्वो हा जीवघेणा विषाणूजन्य रोगही होऊ शकतो, आणि पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत आटतं. तडक डॉक्टर.

जंतूंबद्दल थोडं लांबवते, कारण इथे प्रश्न फक्त कुत्र्याचा राहत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या खाण्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया निघाला. तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ पासूनच कच्चं खाणं देऊ नये अशी भूमिका घेतली आहे. कुत्रं साल्मोनेला पोटात बाळगून ठणठणीत हिंडू शकतं आणि शीतून जंतू पसरवत राहतं. तुमच्या घरी दोन वर्षांचं बाळ आहे, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. पिल्लू जेवून येतं आणि बाळाचं तोंड चाटतं, हे डोळ्यांसमोर आणा. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर मी कच्चं आणणारच नाही. इथे मला चर्चाही करायची नाही.

फ्रीझरने जंतू मरत नाहीत, ते नुसते झोपतात. काही परजीवी मरतात, एवढंच. मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोल भांड्यात ठेवून वितळवा, ओट्यावर नाही. सुरी, पाट, वाटी वेगळी. उरलेलं अर्ध्या तासाने उचलून टाका. डुकराचं मांस कच्चं कधीच देऊ नका. त्यातून औजेस्की नावाचा विषाणूजन्य रोग होऊ शकतो आणि कुत्र्यात तो जीव घेतोच. कोंबडीच्या कच्च्या मानांबद्दलही जपून. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात, मागच्या पायांपासून लुळेपणा चढत जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या नऊ पटींहून जास्त होती, आणि संशोधकांचा संशय कच्च्या कोंबडीवर होता.

मांस हलकं शिजवून दिलं तर? जंतूंचा प्रश्न बराचसा सुटतो, आणि ताज्या मांसाचा जो आनंद तुम्हाला पिल्लाला द्यायचाय तोही मिळतो. पण कॅल्शियमचं गणित तसूभरही बदलत नाही, पाककृती लागेलच. मी आज हेच करते. चिंगीच्या दिवसाच्या कॅलरींतला नऊ-दशांश भाग संतुलित खाण्यातून आणि उरलेला एक हिस्सा उकडलेलं मांस, बिनमिठाचं, कांदा-लसणाशिवाय. एवढ्याने संतुलन बिघडत नाही, आणि वाटी वाजल्यावर ती अजून धावतच येते.

राहिलं हाडांचं. शिजवलेलं हाड कधीही नाही. ते ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटतं आणि आतडं फाडू शकतं. कच्चं मऊ हाड त्या मानाने कमी फुटतं, पण घशात आणि आतड्यात तेही अडकतं. आणि मोठ्या जनावराच्या पायाची जाड हाडं, जी कुत्र्यासाठी म्हणून सर्रास विकली जातात, ती दातांची वैरीण. वर्षाची झाल्यावर चिंगीला मी असं एक आणलं होतं. दोन दिवस ती खुशीत चघळत होती, तिसऱ्या दिवशी वरच्या जबड्यातल्या सगळ्यात मोठ्या दाढेचा कपचा निघालेला. दाढ काढावी लागली. तुमच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येत असतील, हिरड्या शिवशिवत असतील, म्हणून चघळायला काहीतरी लागेलच. ते निवडताना अंगठ्याचं नख त्यात रोवून बघा. खूण उठली तर द्या, नाही उठली तर परत ठेवा.