दसऱ्याआधी पैसे हातात हवेत

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निधी उभा करायचं मनावर घेतलंस, वाचून फार बरं वाटलं. पण जानेवारीत सुरुवात करायची म्हणतेस, तेवढं बदल.

बीडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल तोवर घरात खर्चून झालेली असते. ती फेडायला नवरा-बायको दोघांनाही जावं लागतं. त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. मागे सांभाळायला आजी नसेल तर पोरंही ट्रॅक्टरवर चढतात. पोर एकदा फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतावर, गेलं की हंगाम संपेपर्यंत त्याची शाळा सुटलीच. थोरली मुलगी कोपीत, तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला मांडीवर घेऊन बसते. तिला गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवायचं, तर टोळी निघण्याआधी तिथली चूल पेटलेली तिच्या आईला दिसली पाहिजे. नुसत्या शब्दावर कोणती आई लेकरू सोडून जाईल?

शहरातले लोक मात्र मार्चमध्ये देतात, कर वाचवायला. त्यांना नाही म्हणू नकोस. हे पैसे पुढच्या हंगामाचे, असं त्यांना तेव्हाच सांग. बाकीच्यांकडे श्रावणातच जायला लाग.

जाताना वसतिगृहाची किराण्याची वही बघून जा. एका मुलाला महिन्याला किती लागतात ते काढ आणि सगळ्या हंगामाचा आकडा सांग. त्यात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगारही धर. दप्तरं, वह्या लोक हौसेने देतात, पगार म्हटलं की कुरकुरतात. तरी माग. साठ पोरांच्या भाकऱ्या पहाटे उठून त्याच थापतात.

आता फोटोचं. माझ्या पहिल्या पत्रकासाठी मी एका मुलीला चप्पल काढून, विस्कटलेल्या केसांनी उभं केलं होतं. तिने सकाळीच तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. त्या मी सोडायला लावल्या. पैसे चांगले जमले. पुढे ती दहावीत असताना ते पत्रक तिच्या वर्गात पोचलं. "ताई, त्या दिवशी माझ्या वेण्या होत्या ना?" एवढंच तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. तू फोटो काढलास तर आईवडिलांना आणि मुलीलाही विचारून काढ, आणि वेण्या असू देत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पैसे नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच घे, स्वतःच्या कधीच नको. करसवलतीची पावती देणार असशील तर २,००० रुपयांवरची देणगी रोख घेऊ नकोस, त्यावर सवलत मिळत नाही. अमेरिकेतल्या मामेभावाचा पासपोर्ट भारतीय आहे का, ते आधी विचार. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगीत धरले जातात आणि संस्थेकडे त्याची वेगळी नोंदणी लागते.

हंगाम संपला की प्रत्येक देणगीदाराला हिशेब पाठव. मधेच मुलं फडावर निघून गेली असतील तर तेही लिही. मी लिहिलं होतं, आणि त्यातल्या एका आजोबांनी पुढच्या वर्षी दुप्पट दिले.

गणपतीच्या आधी गावात जाऊन कोणत्या घरी आजी आहे, कोणत्या घरी नाही, याची यादी कर. ती मला पाठव, मग आकडा सोबत बसून काढू.

तुझी,
ताई