2000 मिलिग्रॅमला एकही उंदीर मेला नाही, मग औषध सुरक्षित म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की, नवीन औषध ओईसीडी 423 प्रमाणे (एकाच डोसनं किती प्राणी मरतात ते बघायची आंतरराष्ट्रीय पद्धत) तोंडावाटे दिलं, किलोला 2000 मिलिग्रॅमवर सहाही उंदीर जगले, आता थिसिसमध्ये ‘सुरक्षित’ लिहू का. नका लिहू. एकदा डोस दिला, 14 दिवस बघितलं, मेले नाहीत, तेवढंच लिहा.

मला वेगळंच विचारायचंय. सहाच्या सहा खरंच जगले का? राग मानू नका, मीही सोलापुरातच एम.फार्म. केलंय.

मे महिना होता. बाहेर 43 डिग्री आणि ॲनिमल हाऊसला, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथं, लागतं 22 च्या आसपास. दुपारी लाईट गेली की आम्ही दोघी पुठ्ठ्यानं पिंजऱ्यांना वारा घालत बसायचो. रात्रभर उपाशी ठेवलेल्या तीन विस्टार जातीच्या उंदीर-माद्या होत्या. पिक्रिक ॲसिडनं एकीच्या डोक्यावर, एकीच्या पाठीवर, एकीच्या शेपटीवर खूण. पाठवाली 180 ग्रॅमची, म्हणजे 360 मिलिग्रॅम औषध 1.8 मिलीत बसवायचं. पिवळंधमक, पिठल्याइतकं घट्ट. तोंडातून थेट जठरात औषध सोडायची बोथट सुई दोनदा तुंबली. तिसऱ्यांदा आत जाताना अडली, ती वळवळली, मी घाईनं दाबलं, आणि नाकातून पिवळा थेंब आला. पाच मिनिटांत गेली.

गाइड म्हणाले, “काढ बाजूला, दुसरी घे. कुणाला कळतंय!”

मी ऐकलं नाही. इथिक्स कमिटी प्राणी मोजूनच मंजूर करते, आणि मेलेल्या प्राण्याचीही नेक्रॉप्सी, म्हणजे शवविच्छेदन, करायचीच असते. उघडून बघितलं तर जठरात औषधाचा मागमूस नाही, श्वासनळी खालपर्यंत पिवळी, फुप्फुसं ओली नि जड. औषधानं नाही, माझ्या हातानं मेली होती. तसंच लिहिलं.

गंमत म्हणजे लपवायची गरजच नव्हती. 423 मध्ये पहिल्या तिघींतली एक मेली काय नि एकही नाही मेली काय, पुढच्या तिघींना तोच डोस द्यायचा असतो. दोन मेल्या तर खाली उतरायचं. आमच्या पुढच्या तिघी 14 दिवस टुणटुणीत होत्या. तरी व्हायव्हाला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, “हिच्या हाताला सफाई नाही.” नसेल. हातसफाई तरी केली नाही की ओ सर!

तर, सुई आधी अंगाबाहेरून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत लावून बघा आणि खूण करा. अडली की ढकलू नका, बाहेर काढा. औषध पाण्यातलं असेल तर उंदराच्या 100 ग्रॅम वजनाला 2 मिलीपर्यंत चालतं, मग एवढं घट्ट करायचा हट्ट कशाला?

हां, ‘सुरक्षित’चं राहिलंच. लिव्हर-किडनीचं काय होतं ते रोज डोस देऊन 28 दिवस (ओईसीडीचीच 407 नंबरची पद्धत) बघितल्यावर कळायला लागतं. शिवाय उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे माणसाला पोटात ढवळणार असेल तर तुमच्या तक्त्यात ते दिसायचं नाही. आणि मी आता जुळे सोलापुरात मेडिकल चालवते, ॲनिमल हाऊस सुटून बरीच वर्षं झाली. हल्लीचे फॉर्म कमिटीलाच विचारा.

जमलं तर सहाही जणींच्या वजनांचा तक्ता इथं टाका. सगळ्या अगदी सारख्याच वाढल्या असतील, तर तुमचे गाइड कोण ते मी ओळखीन.