वॉल काढला आणि हीटर गारठला

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षं जुनी आहे. आईला आठवड्यातून दोनदा पहाटे जिंतूरहून परभणीला डायलिसिसला न्यावं लागतं. या थंडीत हीटरचा खटका पूर्ण लाल खुणेवर फिरवला तरी हवा जेमतेम कोमट येते, आणि गाडी ऐंशीला लागली की तीही गार पडते. बोरी जाते, झरी येते, आईची हुडहुडी काही जात नाही. गावात गर्दीत अडकलो की मात्र जरा ऊब लागते. तापमानाचा काटा रस्त्यावर पाव खुणेच्या वर जात नाही. मे महिन्यात गाडी हीट मारत होती, तेव्हा मेस्त्रीनं काहीतरी काढून टाकलं, त्यानंतर त्रास नव्हता. आता दुसरा मेस्त्री म्हणतो, हीटरची जाळी चोक झालीय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. उतरवू का?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : उतरवू नका. निदान आत्ता तरी नाही.

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय : मेस्त्रीनं काहीतरी काढून टाकलं. ते काहीतरी म्हणजे बहुतेक थर्मोस्टॅट, ज्याला गॅरेजात नुसतं ‘वॉल’ म्हणतात. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला, की वॉल काढायचा धडाका सुरू होतो. गिऱ्हाईकच येऊन सांगतं, मेस्त्री, वॉल काढूनच टाका. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची पोरं शिकवली, त्यांतलेही काही आज हेच करतात. चीड येते, पण समोर माणूस उन्हात बंद गाडी घेऊन उभा असतो, त्याला पाच मिनिटांत वाटेला लावायचं असतं, हेही कळतं.

गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनातलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, दोन पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत फिरतं आणि ब्लोअर तिच्यावरून हवा आत फेकतो. इंजिनच तापलं नाही तर जाळी कुठून तापणार? थर्मोस्टॅट थंड इंजिनात बंद असतो. कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या घरात गेलं की उघडतो आणि मगच ते पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे सोडतो. त्याचा नेमका आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. वॉल नसला की पहिल्या मिनिटापासून कूलंट मोठ्या रेडिएटरमध्ये जाऊन निवत राहतं. बंबाची तोटी उघडी ठेवून खाली जाळ घालण्यातला प्रकार. त्यात परभणीची पहाट, पारा एक आकडी, आणि ऐंशीच्या वेगाचा वारा थेट रेडिएटरवर. गर्दीत थांबलात की वारा थांबतो, इंजिन तापतं, म्हणून तिथं ऊब लागते.

ही खूण नीट लक्षात ठेवा, कारण कूलंट कमी असेल तर नेमकं उलटं होतं. तिथं गाडी उभी असताना हवा गार येते आणि रेस दिली की गरम. पातळी खाली गेली किंवा पाइपात हवा अडकली, की आयडलला पंप कूलंट जाळीपर्यंत पोचवू शकत नाही, आणि काटा मात्र नेहमीच्या जागी किंवा त्याच्याही वर असतो. तुमच्याकडं यातलं काहीच नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, उद्या पहाटे स्वतः बघा. इंजिन रात्रभर गार पडलेलं असताना सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होज पाइपला हात लावा. पंख्यापासून आणि बेल्टपासून बाही दूर ठेवून. वॉल धड असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल नाही किंवा उघडा अडकलाय. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, हे आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवायचो. तुम्हालाही सांगतो.

दुसऱ्या मेस्त्रीचं म्हणणं तपासायलाही डॅशबोर्ड लागत नाही. इंजिन पूर्ण तापवा, हीटर फुल करा आणि बॉनेटखालून केबिनमध्ये जाणारे दोन बारीक पाइप चाचपा. दोन्ही चांगले तापलेत आणि हवा गार, तर आतली गरम-गार हवेची झडप हलत नाही. केबल सुटलीय किंवा छोटी मोटर गेलीय. एक गरम आणि एक गार, तर जाळी चोक आहे, किंवा काही गाड्यांत पाण्याचा कॉक असतो तो उघडत नाही. दोन्ही कोमट, तर दोष इंजिनाकडचा. तुमचे दोन्ही कोमट निघतील, असं मला वाटतं. आणि हवा गरम आहे पण जोरच नाही, अशी तक्रार असती तर मी आधी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढायला लावला असता. कापसाच्या नि सोयाबीनच्या हंगामानंतर त्यात काय काय निघतं ते बघण्यासारखं असतं.

आता नवा वॉल बसवा, गॅस्केट किंवा रबर रिंगसकट, तुमच्याच मॉडेलचा आणि त्याच अंशांचा. बसवण्याआधी घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, वॉल दोऱ्यानं लोंबता सोडा आणि तापवा. पाणी उकळीच्या जवळ आलं की तो उघडला पाहिजे, गार झाल्यावर पुन्हा मिटला पाहिजे. वॉल नसताना फक्त आई गारठते असं नाही. इंजिन थंड समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑईलही खराब होतं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनरवर पी०१२८ हा कोड, म्हणजे ‘इंजिन हवं तितकं तापत नाही’, दिसण्याची शक्यता आहे.

मग मे महिन्यात काय करायचं? मुळात गाडी हीट का मारत होती, ते अजून कुणी बघितलेलंच नाही. रेडिएटरच्या पात्यांत भुसा-धूळ बसलीय का, पंखा वेळेवर लागतो का, झाकणाचं रबर दाब धरतं का, एवढं आत्ताच बघून घ्या. काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते, थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, आणि गाडी उन्हाळ्यात जास्तच तापते.

शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात मोठं : तुमच्या गाडीत कूलंट आहे की बोअरचं पाणी? आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यानं घरच्या गीझरची कॉइल कशी पांढरी होते ते माहीतच आहे. तोच क्षार हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि मग खरंच डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. झाकणाखाली गढूळ तांबूस पाणी दिसलं तर सगळं काढून फ्लश करा; कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, किंवा तयार मिसळलेलं घ्या. आपल्याकडं पाणी गोठायची भीती नाही, पण कूलंटनं उकळबिंदू वर जातो आणि गंज रोखला जातो, तो फायदा मे महिन्यातच कळेल. भरल्यावर हवा काढून घ्यायला मेस्त्रीला आवर्जून सांगा, नाहीतर आठवड्यानं हीटर पुन्हा गार आणि तुमचं पत्र पुन्हा माझ्याकडं.

प्रश्न : हीटर लावला की पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं येतं आणि गोडसर वास येतो. पायाखालचं कार्पेटही ओलसर आहे.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : तुमची हीटरची जाळी गळतेय. इथं मात्र डॅशबोर्ड उतरवायला लागला तर मेस्त्रीवर संशय घेऊ नका. काम होईपर्यंत कूलंटची पातळी रोज सकाळी थंड इंजिनावर बघा. गाडीनुसार जाळीचे दोन पाइप बाहेरच्या बाहेर जोडून तात्पुरता बायपास करता येतो; हीटर जाईल पण इंजिन वाचेल. कार्पेट धुऊन उन्हात वाळवा आणि लहान मुलांना, कुत्र्या-मांजरांना त्यापासून लांब ठेवा. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं.