वाचकांचे प्रश्न : कोचीला जाताना वार पाहावा

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही घरचे सहाजण केरळला जात आहोत, सासू-सासरे आणि दोन मुले बरोबर आहेत. शुक्रवारी दुपारी एर्नाकुलमला पोहोचायचे, शनिवारी सकाळी जुने कोची पाहायचे आणि जेवून मुन्नारला निघायचे, असा बेत आहे. तिथे पर्यटकांच्या हातून सहसा कोणत्या चुका होतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पहिली चूक आपल्या बेतातच आहे, आणि ती वाराची आहे. जुन्या कोचीतल्या मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि त्याच्या शेजारचे ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ शुक्रवारी दुपारनंतर व शनिवारी दिवसभर बंद असते. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हे ठाऊक असणाऱ्याला तरी हा शनिवार चकवायला नको. पण ठाऊक असूनही मी एकदा शनिवारीच त्या बंद दारापुढे उभा राहिलो होतो आणि ज्यू टाऊनच्या गल्लीतला मसाल्यांचा वास तेवढा घेऊन परतलो होतो.

तेव्हा शक्य असल्यास कार्यक्रम उलटा करावा : आधी मुन्नार आणि परतताना कोचीला रविवार. सकाळी सिनेगॉग व राजवाडा पाहून दुपारी फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्चकडे वळावे, कारण रविवारी सकाळी तिथे उपासना असते. 1524 मध्ये कोचीत मरण पावलेल्या वास्को द गामाला आधी याच चर्चमध्ये पुरले होते. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले. पर्यटक त्या थडग्याच्या जागेचे छायाचित्र काढून निघून जातात. आपण मात्र मान वर करून, बाहेरून दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे मुलांना अवश्य दाखवावेत.

1568 मध्ये बांधलेल्या सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि ते बरेच आहे, कारण खरी पाहण्याची वस्तू पायाखालीच आहे. चीनहून आणलेल्या पांढऱ्या फरश्यांवर निळ्या रंगात हाताने चित्रे काढलेली आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. अर्धी विजार किंवा बिनबाह्यांचे कपडे घातलेल्यांना आत सोडत नाहीत. राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात. मात्र तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला आणि डचांनी 1663 नंतर त्याची दुरुस्ती केली. बाहेरून तो इतका साधा दिसतो की अनेकजण दारातूनच परततात. ही फार मोठी चूक आहे, कारण राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातील चित्रे आहेत आणि त्यांच्यासाठी निवांत अर्धा तास हवा.

दुसरी चूक अंतराची. एर्नाकुलम मुख्य भूमीवर आहे, तर फोर्ट कोची आणि मट्टनचेरी खाडीपलीकडे. पुलांवरून मोटारीने जाण्यात गर्दीमुळे बराच वेळ जातो. त्यापेक्षा एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सुटणारी सरकारी बोट किंवा 2023 मध्ये सुरू झालेली ‘वॉटर मेट्रो’ ही बोटसेवा वृद्धांनाही सोयीची पडते. विमानतळ नेडुंबश्शेरीला, म्हणजे फोर्ट कोचीपासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. अगदी थोड्या पैशांत सगळे शहर फिरवतो म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला दुकानांकडून दलाली मिळते, हे समजून असावे. आणि दिवाळीच्या सुमारास तिथे परतीचा पाऊस, म्हणजे तुलावर्षम्, बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो. म्हणून पायी फिरणे सकाळी उरकावे.

प्रश्न : फोर्ट कोचीच्या चिनी जाळ्यांजवळ मासे घेऊन तिथेच शिजवून घ्यावेत का? जाळी ओढू देऊन नंतर पैसे मागतात, हे खरे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रत्नागिरीकरांना मासे ओळखायला मी काय शिकवावे! कल्ले उघडून पाहावेत, एवढेच. समोरच्या पाटीवरचा प्रत्येक मासा समोरच्याच जाळ्यातला असतो असे मात्र समजू नये. माशाचा भाव आणि शिजवण्याचे पैसे वेगवेगळे विचारून घ्यावेत, कारण भांडणे होतात ती या दुसऱ्या रकमेवरून. करिमीन म्हणजे गोव्याकडचे कालुंदर. ते मिळाल्यास सोडू नये.

पैसे मागतात, हे खरे आहे. जाळे ज्या वाशांना बांधलेले असते, त्यांच्या दुसऱ्या टोकाला दोरांनी मोठे दगड टांगलेले असतात. त्यांच्या भाराने आणि चार-सहा माणसांच्या जोराने जाळे पाण्याबाहेर येते, आणि पुष्कळदा त्यात मूठभर मासळीच असते. त्यामुळे पाहुण्याला दोर देऊन चार पैसे मिळवावेत असे त्यांना वाटले, तर त्याला फसवणूक म्हणणे मला पटत नाही. दोराला हात लावण्याआधी रक्कम ठरवावी आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.