माठाची जुडी आणि लाइटचं बिल

मागच्या महिन्यात ह्याच पानावर आमच्या बिल्डिंगमधल्या बिनमातीच्या भाजीबद्दल, म्हणजे त्या हायड्रोपोनिक्सबद्दल, जाता जाता चार ओळी लिहिल्या तर तुम्ही मला पत्रांनी बुडवूनच टाकलंत. त्यातली सहा निवडलीयत. ज्यांची नाही घेतली त्यांनी रागावू नका, निम्म्या लोकांचा प्रश्न पहिल्या पत्रातच आहे.

प्रश्न: ताई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. तळमजल्यावर मंडळाची १० बाय १२ ची खोली आहे, वर्षातले दहा महिने तिथं डेकोरेशनचं सामान आणि उंदीर सोडून काही नसतं. पोरांच्या डोक्यात आलंय की तिथं हायड्रोपोनिक्स लावायचं आणि चाळीतल्या ४० बिऱ्हाडांना भाजी द्यायची. एका माणसाने येऊन दीड लाखाचं कोटेशन दिलंय, पाइपांचे टॉवर, लाइट, पंप सगळं त्यात आलं, शिवाय टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी पण येतील म्हणाला. वर्गणीतून काढावे का? (चाळ कमिटीतला एक जण)

उत्तर: दादा, नका काढू. निदान आत्ता तरी नका.

स्ट्रॉबेरीचं आधी निकालात काढू. तिला महाबळेश्वरची थंडी लागते, ती लालबागच्या बंद खोलीत कुठून आणणार, एसी लावून? टोमॅटो येतो, पण त्याला पालेभाजीपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, खतही दुप्पट कडक लागतं, आणि बंद खोलीत ना वारा ना माशी, म्हणजे फुलं हाताने हलवत बसा तेव्हा कुठे फळ धरणार.

राहिली पालेभाजी. ती येते, मस्त येते, पण जरा कागद-पेन घेऊन बसू. चार बाय दोन फुटांचा एक कप्पा धरा. त्यावर २० वॅटच्या सहा एलईडी ट्यूब, रोज १६ तास. झाले दिवसाला जवळजवळ दोन युनिट, महिन्याला ५८. युनिटला १० रुपये धरले तर ५८० रुपये झाले. सगळं जुळून आलं, कीड नाही लागली, कोणी विसरलं नाही, तर त्या कप्प्यातून महिन्याला अडीच-तीन किलो पाला निघेल. म्हणजे नुसत्या विजेचेच किलोला दोनशेच्या आसपास. आणि खाली भाजीवाल्या मावशींकडे माठाची जुडी कितीला मिळते ते तुम्हाला माहितीये. मी पण हे गणित सहा महिन्यांनी केलं होतं, बिल हातात आल्यावर, म्हणून तुम्हाला आधीच सांगतेय.

लोकांना वाटतं खोलीत एवढा लखलखाट आहे, मग झाडाला काय कमी. आपल्या डोळ्याला कळत नाही हो. दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं, आणि आपल्या ट्यूबलाइटवाल्या खोलीत दोनशे-तीनशे. झाडाच्या हिशोबाने तो अंधारच.

मग खोली सोडून द्यायची का? नाही नाही. खोलीत फक्त रोपं करा. भाजी पूर्ण वाढवायची ती घराघरासमोर गॅलरीत, जिथं ऊन फुकट आहे. त्याच एका कप्प्यात एक-एक इंचावर दाटीवाटीने लावलीत तर चारशे रोपं आरामात मावतात, आणि ती १२ ते १५ दिवसांत हलवण्याजोगी होतात. ४० बिऱ्हाडं, घरटी दहा रोपं. पंधरा दिवसांची वीज त्या चारशेंवर वाटली तर रोपामागे रुपयाही पडत नाही. आता लाइट परवडला की नाही!

घरोघरी काय करायचं तर झाकणाचा एक डबा, वीस लिटरचा, उजेड आत न जाणारा (पारदर्शक घेतलात तर आठ दिवसांत आत हिरवं शेवाळ). झाकणाला पाच भोकं, त्यात जाळीचे छोटे कप, कपात स्पंजमधलं रोप (घरटी दहातली पाच लावायची, पाच राखीव). पाणी (खत घातलेलं, कोणतं ते पुढच्या पत्रात) कपाच्या बुडाला जेमतेम लागेल एवढंच. ना पंप, ना लाइट. झाड जसं पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि वरच्या मुळांना मधली हवा मिळते. ह्याला क्रॅटकी पद्धत म्हणतात, हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकी नावाच्या शास्त्रज्ञाची. लेट्यूसच्या एका झाडाला पूर्ण वाढेपर्यंत साधारण चार लिटर पाणी पुरतं, म्हणून वीस लिटरला पाचच भोकं. आणि एक चूक जो तो करतो, मी पण केलीये: पाणी कमी झालं की प्रेमाने काठोकाठ भरतात. नका भरू! ती वरची मुळं हवेला सरावलेली असतात, बुडवलीत की गुदमरून सडतात.

सुरुवात लाल माठ, अंबाडी, पुदिना आणि लेट्यूसने करा. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली की झालं. पालक उन्हाळ्यात नको, गरमीत त्याचं बी रुसतं, तो दिवाळीनंतर. लेट्यूस पण एप्रिल-मेमध्ये तुरा काढून कडू होतो.

भरलेला डबा वीस किलोचा असतो हे लक्षात ठेवा, चाळीची लाकडी गॅलरी आहे, एका घराचा एकच डबा आणि तोही भिंतीला लागून, येण्या-जाण्याची वाट अडवायची नाही. खोलीत पाणी आणि वीज एकत्र आहे म्हणून आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या, त्यात काटकसर करू नका. आणि गणपतीच्या आधी महिनाभर खोली खाली करावी लागणार ना, करा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे गॅलरीतसुद्धा वाढ रडतखडतच असते, त्यामुळे फार काही बुडत नाही.

प्रश्न: भांडूपला आमच्या महिला बचत गटाने खिडकीत २० डबे केलेत. दुकानदाराने १९:१९:१९ खत दिलं, पाण्यात विरघळणारं आहे म्हणाला. पहिले दहा दिवस बरं होतं, आता कोवळी पानं कडेने जळल्यासारखी, वेडीवाकडी येतायत आणि वाढ थांबलीये. खत वाढवू का?

उत्तर: अजिबात नको ताई, भुकेल्या माणसाला नुसतं मीठ वाढल्यासारखं होईल ते. १९:१९:१९ कुंडीतल्या झाडांना ठीक आहे. पण त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो, आणि युरिया झाडाच्या कामाचा व्हायला मातीतले जीवाणू लागतात. तुमच्या डब्यात माती कुठाय? शिवाय त्यात कॅल्शियम नसतं, मॅग्नेशियम नसतं. मातीत ते आपोआप थोडंफार मिळतं, इथं तुम्ही जे घालाल तेवढंच. नवीन पानं कडेने जळणं ही कॅल्शियम न पोचल्याची नेहमीची खूण.

हायड्रोपोनिक्सचं म्हणून ए आणि बी अशा दोन बाटल्यांत किंवा पुड्यांत खत मिळतं, ते आणा. दोन वेगळ्या का, तर एकात कॅल्शियम नायट्रेट असतं आणि दुसऱ्यात सल्फेट-फॉस्फेट. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत ओतलीत तर पांढरा साका खाली बसतो, तो साका म्हणजे तुमचे पैसे. आधी डब्यात पाणी, त्यात ए, ढवळा, मग बी.

आणि गटात मिळून दोन मीटर घ्या, पेनाएवढे असतात, एक पीएचचा (पाणी किती आंबट ते सांगणारा) आणि एक ईसीचा (पाण्यात क्षार-खत किती विरघळलंय ते सांगणारा). पीएच ५.५ ते ६.५, ईसी पालेभाजीला १.२ ते १.८, रोपं बारकी असताना त्याच्या निम्मी. पीएच वर गेला की पाण्यात लोह असूनही झाड घेऊ शकत नाही, मग नवीन पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. जुनी खालची पानं पिवळी पडत असतील तर तो नत्राचा प्रश्न. मे महिन्यात मुळंही बघत जा, पांढरी असली तर छान, तपकिरी बुळबुळीत आणि वास मारत असली तर पाणी तापलंय. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि सडवणारी बुरशी जोरात येते. डब्याला ओलं गोणपाट गुंडाळा, दुपारच्या उन्हातून आत सरकवा. आत्ता आहे ते पाणी फेकू नका, डबल पातळ करून कुंड्यांना घाला.

प्रश्न: परळला आमच्या बिल्डिंगमध्ये डासांची तपासणी करायला आलेल्या माणसाने आमचे चार डबे उघडून दाखवले तर आत अळ्या वळवळत होत्या. सगळं ओतायला लावलं. एवढी मेहनत वाया. गप्पी मासे सोडले तर चालेल का?

उत्तर: वाईट वाटलं, पण तो माणूस बरोबर होता, आणि मी असते तर त्याला चहा दिला असता. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तुमचा डबा महिनाभर हलत नाही, म्हणजे डासांना पण भाड्याची खोलीच की. गप्पी नकोत, खताच्या पाण्यात आणि बंद अंधारात त्या बिचाऱ्यांचे हाल. झाकण घट्ट पाहिजे, कप भोकात गच्च बसला पाहिजे, रोप काढलं की त्या भोकाला लगेच टेप, आणि हवेसाठी भोक ठेवलं असेल तर त्यावर मच्छरदाणीचा तुकडा. आठवड्याला एकदा टॉर्च मारून बघायचं, वार ठरवून. आमचा रविवार आहे.

प्रश्न: मी गिरगावातला ७८ वर्षांचा. नातवंडांनी घरात हे पाण्यातलं सुरू केलंय. मातीशिवाय उगवलेलं अन्न म्हणजे परदेशी थेर वाटतं मला, चवही नाही. हे सेंद्रिय तरी आहे का?

उत्तर: आजोबा, सेंद्रिय नाही, तुमची शंका रास्त आहे. सरळ सरळ खनिज क्षारांवर वाढवलेली भाजी आहे, कोणी सेंद्रिय म्हणून विकत असेल तर त्याला दारातून परत पाठवा. पण परदेशी थेर म्हणाल तर शब्द तिकडचा खरा, कॅलिफोर्नियातल्या गेरिक नावाच्या प्राध्यापकांनी १९३७ मध्ये तो रूढ केला, पण आपल्याकडेही १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस ह्या इंग्रज माणसाने बंगालमध्ये कालिम्पाँगला प्रयोग सुरू केले होते, खडी-वाळू आणि सुक्या खतावरचे, साध्या लोकांना परवडतील असे. तिला बंगाल पद्धतच म्हणतात. म्हणजे तुमच्या जन्माच्या आसपासची गोष्ट आहे. आणि समुद्र मेथी? ती मुळासकट बारक्या जुड्यांत मिळते ती वाळूतलीच ना, तिला कधी नाही म्हणालात का?

चवीचं मात्र खरं आहे. कमी उजेडात वाढलेला पाला पाणचट लागतो, आणि त्यात नायट्रेटही जास्त साठतं. नातवंडांना सांगा, डबा खिडकीच्या अजून जवळ न्या आणि काढायच्या आधी तीन-चार दिवस खताऐवजी साधं पाणी ठेवा. मग एकदा खाऊन बघा, लसणीच्या फोडणीवर.

प्रश्न: एसीचं गळणारं पाणी वापरू का? आणि आमच्याकडे अधूनमधून टँकर येतो, ते पाणी? (अंधेरी)

उत्तर: एसीचं कुंडीला घाला, खायच्या भाजीला नको. त्यात क्षार नसतात हे बरोबर, पण ते ज्या ट्रेतून येतं तो ट्रे एकदा उघडून बघा म्हणजे पुढचं मला सांगावं लागणार नाही. टँकरचं बहुतेक बोअरचं असतं, ईसीचा मीटर बुडवा, खत न घालताच ०.८ च्या वर दाखवला तर सोडून द्या. महापालिकेचं नळाचं पाणी तलावांतलं, म्हणजे पावसाचंच, क्षार कमी, ह्या कामाला एकदम झकास. क्लोरीन उडायला रात्रभर उघड्या बादलीत ठेवायचं, वर कापड बांधून. का ते वरच्या परळच्या पत्रात आलंच आहे.

प्रश्न: गोरेगावला आमची २२ फ्लॅटची सोसायटी, क्लब रूममध्ये तीन रॅक लावलेत. काम तिघं करतात आणि पाला काढायच्या दिवशी बावीसच्या बावीस घरं पिशव्या घेऊन हजर! एका मेंबरचं म्हणणं बाहेर विकू या. कॉमन मीटरवरून पण कुरकुर सुरू झालीये. मी सेक्रेटरी, मधल्यामध्ये माझं भरीत. (गोरेगाव)

उत्तर: साहेब, तुमच्या पत्रावर मी मोठ्याने हसले, कारण आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं.

विकायचं डोक्यातून काढा. वरचं विजेचं गणित वाचलंत ना, विकून सुटणार नाही, आणि क्लब रूममध्ये विक्री सुरू झाली की घरगुती वीजदर चालेल का, ही जागा धंद्याला दिली का, असे प्रश्न ज्याला तुमच्याशी भांडायचंच आहे तो पुढच्या जनरल बॉडीत काढणारच. खोली वापरायचा ठराव मात्र जनरल बॉडीत रीतसर करून मिनिट्समध्ये घ्या, आत्ता तोंडी असेल तर नक्कीच. आणि सब-मीटर लावा. हजार-दोन हजारांत काम होतं आणि कुरकुर करणाऱ्याला आकडा दाखवता येतो. आमच्याकडे रॅकमुळे बिल दुप्पट झालं म्हणून बोंब होती, सब-मीटर लावल्यावर कळलं की लिफ्टच्या मजल्यांवरचे लाइट दिवसाढवळ्या चालू असायचे.

वाटपाचं आम्ही असं केलं: दारावर एक वही टांगली. ज्याने आठवड्यात एक पाळी केली, म्हणजे मीटर बुडवला, आकडा लिहिला, पाणी बघितलं, दहा मिनिटांचं काम, त्याला त्या आठवड्याची जुडी. पाळी नाही तर जुडी नाही. दोन जण रुसले, त्यातल्या एक काकू महिन्याभराने स्वतःच वहीत नाव घालून गेल्या आणि आता त्यांच्याइतका कडक कोणी नाही. ज्यांना गुडघ्यामुळे जमत नाही अशी दोन घरं आहेत, त्यांना तसंच देतो, त्याची नोंद वहीत करत नाही.

चावी दोन घरांत ठेवा, आणि ती दोन घरं एकाच वेळी गावाला जाणारी नकोत. आमची एकच चावी होती. मे महिन्यात ज्यांच्याकडे होती ते सहकुटुंब कोकणात, खिशात चावी, टायमर बिघडून पंप बंद, पाइपवाला सेट होता तेव्हा आमचा, त्यात पाणी साठून राहत नाही, एका दुपारीत मुळं सुकली. खिडकीच्या काचेतून आम्ही सगळे बघत होतो, साठ लेट्यूस, आणि कुलूप तोडायचं की नाही ह्यावर कमिटीची मीटिंग चालू होती. मीटिंग संपेपर्यंत सगळी झोपली होती. त्यानंतर पाइप भंगारात दिले आणि डबे आणले.