महागडा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच : ठेवावा की विकावा?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. दोन वर्षांपूर्वी बरीच बचत मोडून मी जाळीच्या पॅडचा, वरच्या श्रेणीतला इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच घेतला. त्याआधी महाविद्यालयात असताना चार वर्षे अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या, ड्रमवर शिकलो होतो आणि घरात तसा आवाज चालणार नाही म्हणूनच हा मार्ग धरला. पहिले सहा महिने रोज बसत असे, आता महिन्यातून एकदा किंवा दोनदा बसतो. स्नेअरवरचे (मुख्य, कडक आवाजाच्या ड्रमवरचे) हलके आघात उमटत नाहीत, फ्लोअर टॉमवर (मोठ्या, खर्जातल्या ड्रमवर) काठी मारली की मधूनच शेजारचा क्रॅश सिंबल, म्हणजे मोठी झांज, वाजतो आणि अर्धवट उघड्या हाय-हॅटचा (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीचा) आवाज मनासारखा कधीच येत नाही. वायर काठीत अडकते म्हणून वर्षभरापूर्वी मोड्यूलला (पॅडवरचे आघात ओळखून आवाज काढणाऱ्या पेटीला) ट्रान्समीटर लावून बिनतारी हेडफोन वापरायला लागलो, तरीही काहीतरी मागे पडल्यासारखे वाटतेच. त्यात खालच्या मजल्यावरून पायाच्या पेडलच्या धपधपीची तक्रार आली आहे. ‘धूळ मी पुसायची असेल तर काय ते एकदाचे ठरवा,’ असे सौ. म्हणतात. संच ठेवावा, की विकून पुन्हा अकूस्टिक ड्रम घ्यावा?

उत्तर : आपण जाता जाता उल्लेखलेल्या बिनतारी हेडफोनपासूनच सुरुवात करतो, कारण अर्धे दुखणे तिथे आहे असा मला दाट संशय आहे. ब्लूटूथने जाणारा आवाज आधी आक्रसून बांधला जातो, मग पाठवला जातो आणि कानाशी येऊन पुन्हा उलगडला जातो; या सगळ्या उलाढालीत अनेकदा १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. गाणी ऐकताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वाजवताना मात्र येते, कारण मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा हिस्सा जेमतेम १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे हाय-हॅटवर आपण पुढचा आघात करायला निघता तेव्हा कुठे मागच्या आघाताचा आवाज कानी पडतो. हवेतून आवाजाला एक मीटर अंतर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात आणि चांगल्या मोड्यूलचा स्वतःचा विलंब याच मापातला, काही मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे वायरीचा हेडफोन लावला की ‘मागे पडणे’ जवळजवळ नाहीसे व्हावे. वायर छातीवरून न सोडता पाठीवरून खाली न्यावी आणि आसनामागून मोड्यूलकडे वळवावी, म्हणजे ती काठीच्या वाटेत येत नाही. आपली तक्रार सुरू झाली तो काळ आणि हेडफोन बदलला तो काळ एकच आहे का, हे जरा आठवून पाहावे.

आता हलक्या आघातांविषयी. पॅडच्या पोटात पिझो सेन्सरची चकती असते. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले आणि आपला संच त्याच गुणावर चालतो : काठीचा धक्का जाळीतून स्पंजच्या लहान शंकूवर, शंकूतून चकतीवर आणि तिथून विजेच्या रूपाने मोड्यूलमध्ये जातो. एका ठरावीक पातळीखालचा धक्का मोड्यूल मोजतच नाही. ही पातळी, म्हणजे थ्रेशोल्ड, मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर जमिनीच्या कंपनानेही ड्रम वाजत राहिले असते. मात्र ती गरजेपेक्षा वर असली तर आपले घोस्ट नोट्स, म्हणजे अगदी हलके आघात, तिथेच गडप होतात.

एखाद्या शांत संध्याकाळी मोड्यूलवर ट्रिगरचे पान उघडून बसावे. काठी दोन बोटांत सैल धरून स्नेअरवर नुसती पडू द्यावी आणि पडद्यावरची पट्टी हलते का ते पाहावे. हलत नसेल तर थ्रेशोल्ड एकेका पायरीने खाली आणावा, आणि काठी न लावताच आपोआप आवाज येऊ लागला की एक पायरी वर येऊन थांबावे. त्याआधी जाळीचा ताण तपासावा, कारण दोन वर्षांत ती कुठेतरी सैल पडलेली असण्याचा संभव मोठा आहे. किल्लीने एक बोल्ट आवळल्यावर लगतचा न घेता समोरचा घ्यावा, म्हणजे ताण सारखा येतो. मधोमध मारल्यावर आवाज दणकन वाढत असेल किंवा तिथेच दबत असेल, तर शंकू झिजला आहे का तेही बघावे. हा भाग बदलता येतो आणि त्यासाठी अख्खा संच काढून टाकणे म्हणजे तार तुटली म्हणून सतार विकणे होय.

फ्लोअर टॉमवर मारताना क्रॅश वाजतो, याचे कारण दोन्ही एकाच सांगाड्याला बांधलेले आहेत आणि एकाचा हादरा नळीतून दुसऱ्याच्या सेन्सरपर्यंत पोहोचतो. आधी सगळे क्लॅम्प घट्ट करावेत आणि पॅडची कड सांगाड्याला किंवा शेजारच्या पॅडला टेकत नाही ना ते बघावे. एवढ्याने भागले नाही तरच मोड्यूलमधील क्रॉसटॉकचे (शेजारच्या पॅडचा हादरा दुर्लक्षिण्याच्या सेटिंगचे) मूल्य वाढवावे आणि तेही बेताने, कारण ते फार वाढवले तर दोन पॅडवर एकदम केलेल्या आघातांतला हलका आघात गिळला जातो आणि आपण एक तक्रार मिटवून दुसरी ओढवून घेतो.

हाय-हॅटचे प्रकरण मात्र निराळे आहे. स्टँडवर बसणारा हाय-हॅट असेल तर क्लच (वरची चकती दांड्याला पकडणारा भाग) सरकला की मोड्यूलचा अंदाज चुकतो, म्हणून दोन चकत्यांमधले अंतर लावून पुन्हा कॅलिब्रेट करावे. त्याने पुष्कळ सुधारणा होईल. पण खऱ्या हाय-हॅटमध्ये दोन धातूच्या चकत्या एकमेकींवर सळसळत असतात आणि पायाच्या केसभर हालचालीनेही तो आवाज बदलतो. इथे पायाची स्थिती काही ठरावीक आकड्यांत मोजली जाते आणि त्या त्या आकड्याला आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज उचलला जातो. सेटिंग कितीही केले तरी ही उणीव पूर्ण भरून निघत नाही. तारांच्या ब्रशचेही (काठीऐवजी वापरतात त्याचे) तसेच : जाळीवर ब्रश घासण्याची सलग सरसर बहुतेक पॅडना कळतच नाही, त्यांना फक्त आघात कळतो. आणि जाळी काठीला प्लॅस्टिकच्या कातड्यापेक्षा जास्त उसळी देते, त्यामुळे इथे लीलया जमलेले रोल, म्हणजे सलग भराभर आघात, अकूस्टिक स्नेअरवर अचानक जड वाटतात. अर्थात हीदेखील प्रगतीच म्हणायची. १९८१ च्या सिमन्स एसडीएस-फाइव्हचे षटकोनी पॅड इतके टणक होते की वादक मनगटे दुखतात म्हणून कुरकुरत. रोलँडने १९९७ मध्ये रेमोच्या साहाय्याने जाळीचा पॅड आणला तेव्हा कुठे मनगटांची सुटका झाली.

तेव्हा आपल्या तक्रारींपैकी तीन जुळवणीच्या आहेत आणि एकच या वाद्याच्या जातीची आहे. तक्रारी जुळवणीच्या असताना संच विकला, तर घेणारा एका दुपारी तो नीट करील आणि वाजवील, आणि आपण हळहळत बसाल.

खालच्या मजल्यावरील तक्रार गंभीरपणे घ्यावी. पॅडवरची टकटक हवेतून जाते आणि दारे बंद केली की बरीचशी अडते, पण पेडलचा धक्का थेट जमिनीत उतरतो आणि खालच्या घरात छतावर कोणी टाचा आपटतो आहे असे वाटते. नुसती जाड चटई त्याला फारशी पुरत नाही. दोन फळ्यांच्या मध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेला ओटा हा ड्रमवादकांमध्ये रुळलेला उपाय आहे आणि तो खरोखर कामाचा आहे. चेंडू निसटू नयेत म्हणून खालच्या फळीत त्यांच्यासाठी गोल खाचा कराव्यात आणि आसनाखाली व पेडलखाली ते जरा दाट ठेवावेत. ओटा झाला की शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्याच घरात उभे राहून ऐकावे, घरचे कोणी वर पेडल मारील.

अकूस्टिक ड्रम घेण्याविषयी एकच आठवण करून देतो. वादकाच्या कानाशी त्याचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तास व पुढे दर ३ डेसिबलला निम्मा वेळ, या प्रचलित मर्यादेनुसार १०० डेसिबलला उघड्या कानांनी केवळ १५ मिनिटे मिळतात. ज्या घरात पेडलचीच तक्रार आली आहे तिथे तो संच झाकूनच ठेवावा लागेल. हेडफोनही मोठ्याने लावला तर कान तसेच बिघडवतो, हे ओघाने आलेच.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. नवे मोड्यूल बाजारात येते तसा जुन्याचा भाव उतरतो, पण ही घसरण सुरुवातीला सर्वांत तीव्र असते आणि तो काळ आपण ओलांडला आहे, म्हणून आणखी दीड महिना थांबल्याने फारसे बिघडणार नाही. त्या दीड महिन्यात वर सांगितलेली दुरुस्ती करावी, संचाशेजारी एक वही ठेवावी आणि प्रत्येक बैठकीनंतर दोनच गोष्टी लिहाव्यात : किती वेळ वाजवले आणि का उठलो. ‘हात दुखले’, ‘जेवायला बोलावले’ असे लिहिले जात असेल तर संच ठेवावा. ‘कंटाळा आला’, ‘मेनूतच गुंतलो’ असे येऊ लागले तर आवाज आणि सेटिंग यांतच रमण्याची सवय आधी तपासावी. मोड्यूलमधला आपल्याला आवडलेला एकच किट (आवाजांचा तयार संच) निवडून महिनाभर दुसरा लावू नये. आणि वहीत पुन्हा पुन्हा हाय-हॅट, ब्रश, खोलीत घुमणारा आवाज हेच येत राहिले, तर मन न मारता संच विकावा आणि तासावर भाड्याने मिळणाऱ्या सरावखोलीत जाऊन वाजवावे. घरासाठी एक सरावाचा पॅड पुरेल. बसणेच झाले नाही आणि वही कोरी राहिली, तर तेही उत्तरच समजावे.

प्रश्न : माझ्या संचाचे पॅड उत्तम स्थितीत आहेत, पण मोड्यूल जुने झाल्याने आवाज खोटे वाटतात. संपूर्ण संच बदलावा का?

उत्तर : मुळीच नाही. पॅड चांगले असतील तर संचाचा अवघड भाग आपल्याकडे आहेच. मोड्यूल यूएसबीने संगणकाला जोडून ड्रमचे सॉफ्टवेअर वापरून पाहावे : मोड्यूल केवळ आघाताची मिडी नोंद (कोणत्या पॅडवर किती जोराने मारले एवढाच संकेत) पाठवील आणि आवाज संगणकातून येतील. ऑडिओ इंटरफेसचा (संगणकाचा आवाज हेडफोनला देणाऱ्या जोडपेटीचा) बफर, म्हणजे एका वेळी साठवायचा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवला तर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने त्याचा विलंब सुमारे ३ मिलिसेकंद होतो, जो हाताला जाणवत नाही. एकाच पॅडवर भराभर मारल्यावर तोच तो आवाज मशीनगनसारखा येण्याचा दोष इथे बराच कमी होतो, कारण चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच जोराच्या आघातासाठी अनेक ध्वनिमुद्रणे आलटून पालटून वाजतात. दुसऱ्या कंपनीचे मोड्यूल घेण्याचा विचार असेल तर साधे पॅड बहुधा चालतात, परंतु हाय-हॅटचा कंट्रोलर आणि तीन भागांचा (कड, पृष्ठभाग आणि मधला उंचवटा वेगवेगळा वाजणारा) राइड सिंबल हे दोन हमखास अडतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपला हाय-हॅट आणि राइड सोबत नेऊन, त्या मोड्यूलला जोडून, राइडची घंटा (मधला उंचवटा) आणि पायाने बंद केलेला हाय-हॅट वाजवून पाहावा.