वडिलांच्या दुकानाविषयी काय लिहावे?

प्रश्न : माझे वडील, ज्यांना सारा गाव तात्या म्हणत असे, गेल्या वर्षी वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी वारले. सांगोला तालुक्यातील आमच्या गावात त्यांनी १९७१ पासून अखेरपर्यंत किराणा मालाचे दुकान चालवले आणि त्याच दुकानाच्या जिवावर आम्हा तिघी बहिणींची व भावाची शिक्षणे आणि लग्ने केली. वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणपुस्तिका काढण्याचा आमचा विचार आहे. परंतु लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू, सचोटीचे’ यापलीकडे काही सुचत नाही. तात्या मितभाषी होते, त्यांनी संस्था काढली नाही की निवडणूक लढवली नाही. माल भरायला पंढरपूरला जाताना ते आमच्या पायांची मापे सुतळीला गाठी मारून नेत आणि येताना चपला आणत, अशा बारीकसारीक गोष्टी आठवतात, पण त्या छापण्यासारख्या वाटत नाहीत. माळ्यावर उधारीच्या वह्यांचा गठ्ठा पडून आहे. भाऊ म्हणतो, रद्दीत देऊन टाकू. आपण काय सुचवाल?
– एक वाचक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : पुस्तिका निघो वा न निघो, त्या वह्या कृपा करून रद्दीत देऊ नका. आपल्या वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले एवढे लेखन घरात असताना त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही, असे मला मुळीच वाटत नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पुजलेली, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ लाभ’ लिहिलेली एखादी जुनी वही उघडा आणि आपल्याला ठाऊक असलेल्या एका घराचे खाते वर्षभराचे सलग वाचा. पारंपरिक पद्धतीने डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे, म्हणजे उधारीवर दिलेला माल, असेल, तर उजवी बाजू सावकाश पाहा. एरवी चहापूड, गूळ आणि गोडेतेल एवढेच नेणाऱ्या घराच्या नावे अचानक डिंक, खारीक, खोबरे आणि अळीव पडले असेल, तर त्या घरी बाळंतीण होती असे समजावे. वैशाखात साखर आणि रवा किलोंऐवजी पोत्यांच्या हिशेबाने गेला असेल, तर लग्न होते. वजनांची दशमान पद्धत दुकान सुरू होण्यापूर्वीच लागू झालेली असली, तरी गिऱ्हाइकाच्या तोंडचा ‘पावशेर’ पुढे कितीतरी वर्षे टिकला, आणि तो कदाचित आपल्या वडिलांच्या लेखणीतही सापडेल. साऱ्या गावाची सुखदुःखे इतक्या नेमाने टिपून ठेवणारा माणूस मितभाषी असला, तर त्याने बिघडले काय?

१९७२ ची वही मिळाली तर ती विशेष जपा. आपला भाग मुळातच अवर्षणप्रवण. त्या दुष्काळात घरेच्या घरे खडी फोडायला आणि बंडिंगच्या, म्हणजे शेतांना बांध घालण्याच्या, कामावर गेली, सुकडी नावाचे वाटपाचे पौष्टिक पीठ आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन माणसांनी दिवस काढले. कामावरची मजुरी हाती पडेपर्यंतचे मीठ, मिरची आणि चहापूड बहुधा गावच्या दुकानातूनच उधारीवर येत असे. आपल्या वडिलांचे दुकान तेव्हा जेमतेम वर्षाचे होते, म्हणजे भांडवल तुटपुंजेच असणार. त्या काळातल्या एखाद्या खात्यावर नावे वाढत गेलेले आणि जमेची बाजू महिनोन्‌महिने कोरी राहिलेली दिसली, तरीही माल देणे थांबलेले नसले, तर ‘सचोटी’ हा शब्द न वापरता ते पानच छापावे. त्याचप्रमाणे मार्च २०२० च्या टाळेबंदीत किराणा दुकाने अत्यावश्यक म्हणून उघडी राहिली. सत्तरी ओलांडलेल्या तात्यांनी तेव्हा काय केले, हे शेजाऱ्यांना विचारून लिहा.

आता त्या सुतळीविषयी. ती गोष्ट छापण्यासारखी नाही असे आपण म्हणता, आणि मला आपल्या पत्रात सर्वांत मोलाची तीच वाटते. चार मुलांना जमिनीवर उभे करून, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरून, प्रत्येकाच्या मापाला गाठ मारणारे वडील वाचकाला डोळ्यांसमोर दिसतात. ‘कुटुंबवत्सल’ या शब्दाने ते दिसत नाहीत. कोणती गाठ कोणाची हे ते कसे ओळखत, चपला मोठ्या निघाल्या तर काय होई, हेही भावंडांनी एकत्र बसून आठवावे. अशा पाचसहा गोष्टी मिळाल्या की पुस्तिका पुरी झाली. जन्मतारीख, शिक्षण आणि नातेवाइकांची यादी एका पानात आटोपावी.

वसूल न झालेल्या रकमांबाबत मात्र सावध राहा. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यानुसार अशा उधारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, त्यामुळे जुन्या बाक्यांना आता कोर्टाच्या दृष्टीने अर्थ उरलेला नसावा. तो प्रश्न नसला, तरी कोणाच्याही खात्याचे पान छापताना नाव आणि आकडा झाकलाच पाहिजे. ज्यांचे आजोबा त्या वहीत आहेत, ती मुले आज गावातच राहतात, आणि तात्यांनी ज्यांची अडचण कधी चारचौघांत बोलून दाखवली नाही, ती त्यांच्याच स्मरणार्थ निघालेल्या पुस्तिकेत उघडी पडणे योग्य होणार नाही. वह्या घरातच कापडात बांधून, वाळवी लागणार नाही अशा जागी ठेवा आणि महत्त्वाच्या पानांची छायाचित्रे काढून घ्या.

शेवटी एक राहिलेली बाब. आपल्या संपूर्ण पत्रात आईंचा उल्लेख कोठेही नाही. गावचे दुकान एकट्या माणसाने चालत नाही. तात्या पंढरपूरला गेल्यावर गल्ल्यावर कोण बसे, डाळी कोण पाखडी, पुडे बांधायला कागद कोण कापून ठेवी, याचे उत्तर आपल्याला ठाऊकच असेल. त्या हयात असतील तर पुस्तिकेचा पहिला मजकूर त्यांच्याकडूनच घ्या, त्या सांगतील तसा, त्यांच्याच बोलीत, आणि मुखपृष्ठावर दोघांचेही नाव घाला.